हावड्याची वनस्पती बाग आणि आपल्या झाडांची नावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही वृक्षवेडी मंडळी सुट्टीच्या दिवशी डोंगरात झाडं पाहायला जातो. कुंभा, अंजन, बिबळा, शिवण दाखवताना शास्त्रीय नाव सांगितलं की त्याच्या शेपटाला येणारं 'रॉक्सब.' म्हणजे काय, हे कुणीतरी विचारतंच. मग गोष्ट सह्याद्री सोडून थेट हुगळीच्या काठावर जाते, आणि पुढचा तासभर प्रश्न थांबत नाहीत. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत.

ही बाग कुठे आहे? तिला इतकी वेगवेगळी नावं कशी?

कोलकात्यासमोर, हुगळीच्या पश्चिम काठावर, हावडा जिल्ह्यातल्या शिबपूरला. १७८७ साली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या पैशातून उभी राहिली, म्हणून जुने लोक तिला 'कोम्पानीर बागान' म्हणत. कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आल्यावर ती रॉयल बोटॅनिक गार्डन झाली. स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, इंडियन बोटॅनिक गार्डन हे नाव आलं. १९६३ पासून तिचा कारभार भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेकडे आहे आणि २००९ साली तिला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचं नाव दिलं गेलं. हावड्याच्या बसवाल्याला विचाराल तर मात्र 'बोटॅनिकल गार्डन' एवढंच पुरतं.

वृक्षोद्यान आणि साधी बाग यांत फरक काय?

साध्या बागेत झाड शोभेसाठी आणि सावलीसाठी असतं. वृक्षोद्यानात प्रत्येक झाडाची नोंद असते: जात कोणती, कुठून आलं, कधी लावलं. नोंद हरवली की झाड तिथेच उभं राहतं, पण अभ्यासाच्या दृष्टीने त्याचं मोल बरंचसं गेलेलं असतं. हावड्याची बाग २७३ एकरांची आहे आणि तिथे बारा हजारांच्या वर झाडंझुडपं आहेत. फुलांचे ताटवे पाहायच्या अपेक्षेने गेलात तर थोडी निराशा होईल. ती झाडांची बाग आहे, आणि झाडांकडे मान वर करून पाहावं लागतं.

ती कुणी काढली, आणि कशासाठी?

लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट किड या लष्करी अधिकाऱ्याने. त्याला वनस्पतिशास्त्राचं औपचारिक शिक्षण नव्हतं, झाडांची हौस मात्र दांडगी. शालिमारला त्याची स्वतःची बाग होती. जून १७८६ मध्ये त्याने गव्हर्नर जनरलला पत्र लिहून बाग सुचवली. दुर्मीळ झाडांचं प्रदर्शन मांडायचा आपला हेतू नाही, लोकांच्या आणि कंपनीच्या उपयोगाची झाडं वाढवायची आहेत, असा त्याचा रोख होता. १७७० च्या दुष्काळाने बंगाल उजाड करून टाकला होता. उपासमारीत आधार होईल म्हणून साबुदाण्याचा माड आणून लावावा, असं तो सुचवतो. त्याच दमात जहाजांसाठी सागवान, आणि डच व्यापाऱ्यांची मक्तेदारी मोडायला मसाल्याची झाडंही तो मागतो.

ही दोन्ही कारणं एकत्र लक्षात ठेवावीत असं मला वाटतं. भुकेल्यांची कणव खरी असेल, पण बागेला पैसा मिळाला तो व्यापाराच्या हिशेबावर. शिवाय किडचे बरेचसे बेत फसले. बंगालच्या गाळाच्या जमिनीत सागाने चांगलं लाकूड धरलं नाही, आणि विषुववृत्तावरची मसाल्याची झाडं तिथल्या थंडीत टिकली नाहीत. १७९३ साली किड वारला तेव्हा बागेत जेमतेम तीनशे जाती होत्या. त्याच्या स्मरणार्थ उभारलेला संगमरवरी कलश आजही बागेत आहे.

मग 'रॉक्सब.' म्हणजे कोण?

विल्यम रॉक्सबर्ग. मूळचा स्कॉटिश शल्यवैद्य, आधी आंध्रच्या किनाऱ्यावर सामलकोटला होता. किडनंतर १७९३ मध्ये तो इथे आला आणि १८१३ पर्यंत राहिला. या वीस वर्षांत बागेची खरी घडण झाली. १८१४ मध्ये छापलेल्या बागेच्या यादीत सुमारे साडेतीन हजार जाती आहेत. किडच्या तीनशेंवरून इथवर!

एखाद्या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव, संक्षेपाने, त्या वनस्पतीच्या नावापुढे कायम राहतं. शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने दिलेल्या नावापुढे 'एल.' येतं, तसं रॉक्सबर्गच्या नावापुढे 'रॉक्सब.' आपल्या रानात हे 'रॉक्सब.' किती ठिकाणी भेटतं ते पाहा. अंजन, बिबळा, शिवण, शिसवी, सालई, बेहडा, रोहन, टेंभुर्णी, धावडा, काठ्यांचा भरीव मानवेल बांबू, या सगळ्यांच्या नावांत कुठे ना कुठे तो आहे. गोंदियात विडीसाठी तेंदूपानं खुडणाऱ्या बाईंच्या हातातलं पान असो की सातपुड्यात सालईतून पाझरणारा डिंक, त्यांची शास्त्रीय ओळख याच माणसाच्या लेखणीतून उतरली.

हे 'पहिल्यांदा' अर्थातच कागदावरचं. अंजनाला खानदेशात अंजन म्हणणारे लोक रॉक्सबर्गच्या कितीतरी आधीपासून होते. पण अंजनाचं त्याने दिलेलं नाव, 'हार्डविकिया बिनाटा', मला आवडतं. त्यातला 'बिनाटा' हा शब्द जोडीने असलेल्या पानांबद्दल आहे. फुलपाखरू पंख मिटायच्या बेतात असावं तशी ती दोन पानं असतात, आणि त्यांच्या बेचक्यात पुढच्या पानाचं बारीकसं टोक. एकदा पाहिलं की अंजन पुन्हा चुकत नाही. नावाचा पहिला भाग, 'हार्डविकिया', हा थॉमस हार्डविक या निसर्गाची हौस असलेल्या लष्करी अधिकाऱ्यावरून आला.

सीतेच्या अशोकाचंही असंच. रॉक्सबर्गने त्याला 'जोनेसिया असोका' म्हटलं होतं, एशियाटिक सोसायटी स्थापन करणाऱ्या विल्यम जोन्सच्या आठवणीसाठी. पुढे झाडाची प्रजाती बदलून 'सराका' झाली आणि जोन्स नावातून गेला. 'असोका' मात्र राहिला. आपल्याकडच्या कवींनी गौरवलेलं नाव टिकलं याचा मला आनंद आहे.

कुंभ्याचा आणि मराठी व्याकरणाचा काय संबंध?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

कुंभा आपल्या सगळ्या घाटांत आहे. पानं गळायच्या आधी लालबुंद होतात. फाल्गुन-चैत्रात पांढरी-गुलाबी, पुंकेसरांचा झुबका असलेली मोठी फुलं रात्री उमलतात, आणि सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो. फळ मडक्यासारखं गोल, म्हणून कुंभा. त्याच्या सालीच्या धाग्यांची वात पूर्वी तोड्याच्या बंदुकांना लावत.

या झाडाचं शास्त्रीय नाव 'करेया आर्बोरिया रॉक्सब.' त्यातला 'करेया' म्हणजे विल्यम कॅरी. हा बॅप्टिस्ट मिशनरी हावड्याहून वरच्या अंगाला, हुगळीच्याच काठी सेरामपूरला राहत असे. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवायचा. नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश, तोही मोडी टाइपात. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छपाईतली ही पुस्तकं आहेत.

कॅरीला झाडांचंही तेवढंच वेड होतं. सेरामपूरला त्याची स्वतःची बाग होती. रॉक्सबर्ग आणि तो मित्र. रॉक्सबर्ग आजारी होऊन मायदेशी गेला तेव्हा त्याची हस्तलिखितं मागे राहिली होती. बागेची १८१४ ची यादी कॅरीने सेरामपूरच्या छापखान्यात छापली. पुढे १८२० पासून त्याने रॉक्सबर्गचा मोठा ग्रंथ 'फ्लोरा इंडिका' छापायला घेतला, आणि १८३२ मध्ये तो तीन खंडांत पूर्ण निघाला. रॉक्सबर्ग १८१५ मध्येच वारला होता, हा ग्रंथ छापलेला पाहायला तो नव्हता.

ताम्हिणीत किंवा आंबोलीत कुंभा दिसला की मी थांबतो. आपल्या भाषेचं व्याकरण छापणाऱ्या माणसाचं नाव आपल्याच घाटातल्या झाडाला आहे, आणि मराठीचा अभ्यास करणाऱ्या कितीतरी जणांना ते ठाऊक नसतं.

झाडांची चित्रं कुणी काढली?

भारतीय चित्रकारांनी. रॉक्सबर्गने आधी आंध्रात आणि नंतर बागेत त्यांना कामाला ठेवलं. ताजी फांदी समोर ठेवायची आणि पान, फूल, फळ, बी असं सगळं जलरंगात उतरवायचं. अशी अडीच हजारांच्या आसपास चित्रं झाली. त्यांचा एक संच कोलकात्याला राहिला, दुसरा लंडनच्या क्यू उद्यानात आहे. कोरड्या वर्णनावरून जी जात ओळखता येत नाही, ती या चित्रांवरून ओळखता येते, त्यामुळे वनस्पतिशास्त्रज्ञ आजही ती उघडून पाहतात.

वर्णन करणाऱ्याचं नाव झाडाच्या नावाला कायमचं चिकटलं. चित्र काढणाऱ्या बहुतेकांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत. रोपं जगवणाऱ्या माळ्यांचं आणि झाडाचं स्थानिक नाव सांगणाऱ्या गावकऱ्यांचंही तसंच. त्या कागदांवरचे सफाईदार हात पाहिले की ही उणीव फार जाणवते.

भारतात चहा या बागेतून आला का?

अर्धं खरं. १८३४ साली गव्हर्नर जनरल बेंटिंकने चहा समिती नेमली. बागेचा तेव्हाचा प्रमुख नॅथॅनियल वॉलिच तिच्यात होता. चीनहून बी आणवलं, ते इथे रुजवलं, आणि त्यातून तयार झालेली सुमारे ४२,००० रोपं आसाम, कुमाऊं आणि दक्षिण भारतात धाडली गेली. पण आसामच्या रानात चहाची स्थानिक जात मुळातच होती, आणि तिथले सिंगफो आदिवासी ती वापरत होते. चिनी रोपं डोंगराळ भागात काही ठिकाणी जगली, आसामात मात्र शेवटी तिथलीच जात सरस ठरली. म्हणजे चहा भारतात 'आला' असं सरसकट म्हणणं बरोबर नाही.

महोगनीचं मात्र ठामपणे सांगता येतं. वेस्ट इंडीजहून तिची रोपं १७९५ मध्ये या बागेत आली.

वॉलिचने आणखी काय केलं?

वॉलिच हा डॅनिश शल्यवैद्य. सेरामपूर तेव्हा डॅनिश लोकांकडे होतं. इंग्रजांनी ते घेतलं तेव्हा तो पकडला गेला, आणि त्याच्या वनस्पतिज्ञानाने त्याची सुटका झाली. १८१७ ते १८४६ एवढा काळ बाग त्याच्याकडे होती. नेपाळ आणि ब्रह्मदेशातून त्याने अफाट नमुने गोळा केले.

उर्वशीचं झाड जगासमोर आलं ते त्याच्यामुळेच. १८२७ मध्ये ब्रह्मदेशात, साल्वीन नदीजवळच्या एका पडक्या मठाच्या आवारात, त्याला ही दोन झाडं फुललेली दिसली. लालभडक, पिवळे ठिपके असलेल्या फुलांचे लांब लोंबते घोस. ती फुलं जवळच्या गुहांतल्या बुद्धमूर्तींना वाहत असत. वॉलिचने गव्हर्नर जनरलची पत्नी लेडी ॲमहर्स्ट आणि तिची मुलगी यांच्यावरून त्याचं नाव 'ॲमहर्स्टिया नोबिलिस' ठेवलं. या झाडासाठी इंग्लंडातल्या ड्यूक ऑफ डेव्हनशरने आपला माळी थेट कोलकात्याला पाठवला होता. एवढा खटाटोप करूनही इंग्लंडात पहिलं फूल आलं ते १८४९ साली, तेही दुसऱ्याच बागेत. मुंबईकरांना एवढा प्रवास करायची गरज नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेत उर्वशी आहे. थंडी सरताना जा.

वॉलिचबद्दल एक गोष्ट मनाला लागते. १८२८ मध्ये तो सगळा वाळवलेला संग्रह जहाजावर घालून लंडनला घेऊन गेला आणि युरोपभरच्या संस्थांना वाटून आला. नऊ हजारांवर क्रमांकांची ती यादी अभ्यासकांना फार उपयोगी पडली, यात शंका नाही. पण आपल्याकडच्या एखाद्या जातीचा मूळ नमुना पाहायचा तर पुढे दीडशे वर्षं लंडन गाठावं लागे.

बाग आज दिसते तशी पहिल्यापासून होती का?

नाही. १८४२ ते १८४४ या काळात वॉलिच रजेवर असताना विल्यम ग्रिफिथकडे काम होतं. तो फार हुशार वनस्पतिशास्त्रज्ञ होता, पण शास्त्रीय वर्गवारीप्रमाणे झाडांची मांडणी करायच्या नादात त्याने मोठमोठी सावलीची झाडं तोडली. १८४८ साली इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर आला तेव्हा बागेची अवस्था पाहून हळहळला.

त्यानंतर ५ ऑक्टोबर १८६४ चं चक्रीवादळ. नदीचं पाणी बागेत शिरलं आणि निम्म्याहून अधिक झाडं गेली. त्यातून सावरते न सावरते तोच १८६७ मध्ये दुसरं वादळ. सात-साडेसातशे झाडं पुन्हा आडवी झाली. आज बागेत दिसणारी बहुतेक मोठी झाडं या दोन वादळांनंतरची आहेत, हे पाहणाऱ्याला कळत नाही.

१८७१ मध्ये जॉर्ज किंग आला. त्याने तळी खोदली, निघालेल्या मातीने सखल जमीन उंच केली, वळणावळणाचे रस्ते काढले आणि नव्याने झाडं लावली. तळी एकमेकांशी आणि नदीशी जोडलेली आहेत. १८९० मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्था स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला संचालकही तोच होता. मे २०२० मध्ये अम्फान वादळाने बागेला पुन्हा मोठा फटका दिला. शेकडो झाडं पडली, बागेतल्या प्रसिद्ध वडाच्याही बऱ्याच पारंब्या गेल्या.

तिथला वड जगातला सगळ्यात मोठा आहे का? आणि त्याला खोड नाही हे खरं?

दुसऱ्याचं आधी. हो, खरं आहे. वादळांत मूळ खोडाला जखमा झाल्या, त्यांतून बुरशी शिरली आणि खोड कुजत गेलं. १९२५ साली ते कापून काढावं लागलं. घेर १५ मीटरच्या वर होता. बाकीचा वड वाचावा म्हणून तो निर्णय घेतला, आणि वड वाचला. कारण वडाची पारंबी जमिनीत रुतली की तिला स्वतःची मुळं फुटतात आणि ती जाड होऊन खांबासारखी फांदीला पेलते, अन्नपाणीही पुरवते. मधलं खोड गेल्यावर साडेतीन हजारांहून अधिक पारंब्यांनी सगळा विस्तार तोलून धरला. आत उभं राहिलं की हे एक झाड आहे असं मन मानत नाही, रान वाटतं.

वय अडीचशे वर्षांच्या पुढे सांगतात, म्हणजे वड बागेपेक्षा जुना. पक्ष्याने टाकलेलं बी एका शिंदीच्या शेंड्यात रुजलं आणि वडाने पुढे ती शिंदी गिळली, अशी जुनी हकिकत आहे. आपल्याकडे शिंदीवर, ताडावर वाढणारे वड-पिंपळ पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. त्याच्याभोवती ३३० मीटरचा रस्ता बांधला होता. वड तो ओलांडून केव्हाच पलीकडे गेला. विस्तार साडेचार एकरांच्या वर आहे, आणि माळी नव्या पारंब्यांना बांबूच्या नळ्यांतून वाट देऊन हवं तिथे जमिनीत उतरवतात.

जगात सर्वांत मोठा म्हणाल, तर आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर भागातला थिम्मम्मा मर्रिमानु हा वड विस्ताराने याच्याही पुढे आहे. हावड्याच्या वडाचं मोठेपण त्याने उणं होत नाही.

वडाशिवाय काय चुकवू नये?

'वेडं झाड' म्हणतात ते आधी पाहा. त्याच्या एकाच फांदीवरची दोन पानं एकसारखी नसतात. एक अखंड, दुसरं फाटल्यासारखं, तिसरं चिंचोळं. मुलांना खाली पडलेली पानं जुळवायला सांगावं, दोन सारखी सापडेपर्यंत अर्धा तास आरामात जातो.

दुसरा जोडनारळ, म्हणजे सेशेल्स बेटांवरचा दर्याई नारळ. वनस्पतिसृष्टीतलं सगळ्यात जड बी याचंच. फकीर भिक्षापात्रासाठी जी काळी करवंटी वापरतात ती याच फळाची. बागेतलं झाड १८९४ साली लावलेलं, वाढ इतकी संथ की फूल यायला नव्वदहून जास्त वर्षं लागली. ते निघालं मादी झाड, आणि जोडीला नर झाड नाही! २००६ पासून शास्त्रज्ञांनी श्रीलंकेतून पराग आणून हाताने परागण करायला सुरुवात केली, आणि कित्येक प्रयत्नांनंतर फळ धरलं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी रुजवलेल्या बियासाठी आजच्या माणसांनी एवढी धडपड करावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

कृष्णवडाची पानं देठापाशी दुमडून द्रोणासारखी झालेली असतात. कृष्णाने त्यात लोणी लपवलं अशी कथा आहे. तळ्यातलं परातीएवढं पान म्हणजे ॲमेझॉनची महाकमळं. शिवाय फांद्या फुटणारा आफ्रिकेतला ताड, गोरखचिंच, कैलासपती, आणि पामांचा मोठा संग्रह. निवडुंगाचं घर घाईत असाल तर सोडलं तरी चालेल.

हर्बेरियम म्हणजे काय, आणि ते पाहता येतं का?

दाबून वाळवलेल्या वनस्पतींचा नोंदीसह केलेला संग्रह. बागेच्या आवारातल्या केंद्रीय राष्ट्रीय वनस्पती संग्रहालयात असे सुमारे वीस लाख नमुने आहेत. तो अभ्यासकांसाठी असतो, सहज फेरफटका मारायची ती जागा नव्हे.

आपल्याकडे अशी बाग नव्हती?

होती. पुण्याजवळ दापोडीला मुंबई सरकारने १८२८ मध्ये वनस्पती बाग सुरू केली. पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिथे होता, तोच मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. तिथेही एका देशी चित्रकाराकडून झाडांची सुरेख चित्रं काढून घेतली होती. ती बाग १८६० च्या दशकात बंद झाली. गणेशखिंडीची वनस्पती बाग १८७३ ची, आणि ती आजही आहे. पुणेकरांनी तिथून सुरुवात करावी.

पडलेल्या बिया, पानं घरी नेता येतात का?

नाही. पानं जुळवा, फोटो काढा, तिथेच ठेवा.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालायला सुखाचं. सीतेचा अशोक पाहायचा असेल तर फेब्रुवारीअखेर किंवा मार्च. सोमवारी बाग बंद असते, आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, तेव्हा निघण्याआधी खात्री करा. वड फाटकापासून बराच आत आहे. बरोबर वयस्कर माणसं असतील तर आधी वडाकडे जा, तिथे सावलीत बसवा, आणि मग बाकीची बाग पाहायला निघा. पाण्याची बाटली आणि दुर्बीण जवळ असू द्या. तळ्यांवर पक्षी भरपूर असतात.